गोधडीचं पोट

मशीनवर गोधडी टाकायची म्हणतीस ना नंदा? टाक की. फरजानाची मशीन चांगलीच हाय, मी कुठं न्हाई म्हणते. महिन्याचं काम एका दुपारात होतंय, बोटाला सुई टोचत न्हाई, मान आखडत न्हाई. फक्त गोधडीचं पोट भरायला इसरू नको. तुज्या सासूनं सांगितलं असंलच. न्हाई सांगितलं? बस मंग. लाईट येईस्तोवर तुला तरी घरी जाऊन काय करायचंय? तो कंदील जरा इकडं घे, आन हळू बोल. आत कुशावर्ता आन तिचं लेकरू आत्ताच झोपलेत.

तुला वाटत असंल कुशी माजी लेक हाय. गल्लीत समद्यांनाच वाटतंय. पण ती माजी पुतणी, माज्या थोरल्या जावेची लेक. साळूबाई नाव व्हतं तिचं, मी अक्का म्हणायची. मी लगीन करून ह्या घरात आले तवा मला धड भाकर थापता येत न्हवती, आन गोधडीचा टाका तर असा पडायचा की बघणाऱ्याला वाटावं कोंबडी चालत गेली. अक्कानं शिकवलं. शिकवायची म्हंजे काय, शेजारी बसायची, मिसरी लावत लावत बघायची, आन टाका वाकडा गेला की जिभेनं नुस्तं च्यक् करायची. शिवी न्हाई, टोमणा न्हाई. त्या च्यक् ला मी जेवढी भ्याले तेवढी सासूला भ्याले न्हाई.

कुशीला जन्म देऊन सव्वा महिना व्हायच्या आत अक्का गेली. अंगात ताप भरला तो उतरलाच न्हाई. हात लावला तर तवा तापल्यावानी लागायचा. जालन्याला नेलं, दवाखाना केला, काही उपेग झाला न्हाई. काकासाहेबांनी, म्हंजे माज्या भायांनी, अक्काच्या मालकानं, दुसरं लगीन केलं न्हाई. लेकरू माज्या पदरात टाकलं आन ते शेताकडंच र्‍हायला लागले. माजे दोन्ही पोरं कुशीच्या मागून झाले, म्हंजे लेकरू हातात धरायला मी तिच्यावरच शिकले.

बोलाय लागली तवा ती मला माय म्हणली. मी तिला उचलून भिंतीवरल्या फोटोपुढं नेलं. म्हणलं, माय ही. मी काकू. दुसऱ्या दिवशी परत माय म्हणली, परत नेलं. असं करता करता तिच्या तोंडात काकू बसलं. मला वाटायचं, मेल्या माणसाचं दुसरं काय उरतंय, एवढं नातं उरतंय, ते आपण घेऊ नये. पण खरं सांगू का, रातच्याला ती माज्या पोटाशी झोपली की वाटायचं, म्हणू दिलं असतं तर काय बिघडलं असतं. ते मी कुणाला बोलले न्हाई. माज्या मालकाला बी न्हाई.

पोरगी मोठी झाली. धावड्याचं स्थळ आलं, पोरगा चांगला, घरात खाऊन-पिऊन बरं. चैतात लगीन धरलं. घर झाडायला काढलं तर जवारीच्या पोत्यामागं अक्काची पत्र्याची पेटी सापडली. इसरूनच गेल्तो आपुन ती पेटी. कुलपाला गंज चढल्याला. भुजंगरावांनी, म्हंजे माज्या मालकानं, दगड घालून ते तोडलं.

वरती लुगडी व्हती, आन त्याच्या खाली चौकोनी तुकडे. एकावर एक रचून सुतळीनं बांधल्याले. एकेका तुकड्यावर चिटाची भिंगरी शिवल्याली, चार पात्यांची, लाल-पिवळी, हिरवी-जांभळी. कुशी पोटात असताना अक्का हेच शिवायची. मी म्हणायची, अक्का, लेकराला दुपटं पुरंल, एवढी मोठी गोधडी कामून? तर म्हणायची, लेकरू काय लहानच र्‍हाणार हाय का? सासरी जाईल तवा बी पुरली पायजे.

कुशी ते तुकडे मांडीवर घेऊन बसली. हळदीला आठ दिवस र्‍हायलेले, दारात मांडवाचे बांबू येऊन पडले, आन ही हालंना. मंग म्हणली, "काकू, मला ब्लँकेट नको, कपाट नको. मला ही गोधडी पायजे."

"अगं आठ दिवसात गोधडी व्हती का? मला काय धा हात हायेत?"

"मंग मी लगीन पुढं ढकलते," म्हणली. हसून म्हणली, पण डोळे हसत न्हवते.

आता काय करावं? तवा कुणीतरी फरजानाचं नाव काढलं. फरजाना आन तिचा नवरा महेमूद, आपल्या जाफराबादचेच पिंजारी. कापूस पिंजायचं काम मंदावलं तसा महेमूद जालन्याला एमआयडीसीत गेला, पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं, आन रजया, मंगल कार्यालयाच्या गाद्या असलं काम धरलं. मुंबईच्या भंगारातून त्यानं एक परदेशी मशीन उचलून आणल्ती. तिला लांब हाताची मशीन म्हणायचे. ती गोधडी शिवती, असं ऐकल्तं.

मी दोन दिवसात घरच्या मशीनवर तुकडे जोडले. आत घालायला अक्काचीच जुनी लुगडी घेतली, खालून भायांचं धोतर लावलं. माजी एक बी साडी त्यात घातली न्हाई. मुद्दामच. आन सकाळच्या येष्टीनं निघाले.

लगीनघरातून सुटका झाल्यावर बाईला काय वाटतं ते तुला सांगायला नको. खिडकीजवळ जागा मिळाली, शेंगा घेतल्या, पदर सैल सोडला. मांडीवर गोधडीचं बोचकं. मनात म्हणलं, अक्का, चल, तुला जालना दाखवते. लई खुशीत व्हते मी त्या दिवशी.

फरजानानं आधी पाणी दिलं, मंग चहा दिला, मंग बोचकं सोडलं. भिंगऱ्यावरून हात फिरवला आन म्हणली, "चतुराबाई, हात सोन्याचा व्हता हो तुमच्या जावेचा. बघा, एक पातं दुसऱ्याला न्हाई म्हणत न्हाई. बराबर एका मापाचं."

ती मशीन बघून मला हसू आलं. पलंगाएवढा लोखंडी सांगाडा. दोन टोकांना दोन रूळ, त्यावर गोधडी गुंडाळून मधी ताणायची. वर मशीनचा लांब हात, पट्ट्यांवर चाकं लावल्याला, इकडून तिकडं आन पुढं-मागं फिरतो. त्याला दोन मुठी. कापड जाग्यावर र्‍हातं, आपण मुठी धरून सुईच फिरवायची. फरजानानं बटन दाबलं आन मशीन अशी धावली की मी तोंडाला पदर लावून बघतच र्‍हायले. एक ओळ, दुसरी ओळ. गोधडी एका अंगानं शिवत जायची आन रुळावर गुंडाळत जायची. महेमूद म्हणला, "मावशी, सांजच्या गाडीला गोधडी घेऊनच जाताय तुमी."

अर्धी गोधडी झाली. मधोमध सुई आली आन टक् करून तुटली.

फरजाना म्हणली, तुटती कधी कधी. दुसरी लावली. दोन भिंगऱ्या शिवल्या, तिथंच आली, टक्. तिसरी लावली. टक्. तवा महेमूद उठला. कापडात टाचणी अडकली असंल म्हणून चुंबक आणून फिरवलं, तर चुंबकाला काही लागंना. हातानं चाचपलं, तर आत कापड सोडून काही न्हाई. सुई जाड लावली, तीबी गेली. मंग जुम्म्याच्या नमाजाची येळ झाली म्हणून तो टोपी घालून निघाला. जाता जाता म्हणला, "मशीनला जरा आराम द्या. गरम झाली असंल."

आमी दोघीच र्‍हायलो. भर दुपार. शेजारी सळईची मिल हाय, तिचा आवाज रोज कान फाडतो म्हणं, पण त्या दिवशी ती बी बंद व्हती. पत्रा तापून मधूनच कडकड वाजायचा. रस्त्यावर कुत्रं न्हवतं. आपल्या सासवा म्हणायच्या ना, रातच्यापरीस दुपारच्या बाराला जपावं... ते मला तिथं बसल्या बसल्या आठवलं, आन कामून आठवलं म्हणून मी सोताचाच राग राग केला.

मंग वास आला. आधी वाटलं कुठं काही जळतंय. मंग नीट कळलं. ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. निखाऱ्यावर टाकल्यावर येतो तो वास. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी. त्या लोखंडाच्या शेडात, तेला-ग्रिसाच्या वासात, बाळंतिणीची धुरी.

फरजाना माज्याकडं बघून राह्यली, मी तिच्याकडं. तिनं पाचवी सुई लावली. बटन दाबायला हात नेला, आन आमच्या दोघींच्या मधून आवाज आला.

च्यक्.

"तुमी केलं?" फरजाना हळूच म्हणली.

"न्हाई..."

"मी बी न्हाई केलं बाई..."

तुला खोटं वाटंल, पण भीतीच्या आधी मला शरम वाटली. टाका चुकला की वाटायची तीच. एवढ्या वर्सांनी. मी उठून गोधडीकडं बघाय लागले, की काय चुकलं माजं.

ते फरजानालाच सुचलं. म्हणली, "बाई, हिचं पोट भरलं का तुमी?"

तुला सांगते नंदा, मी कपाळावर हात मारला. आपण हातानं गोधडी शिवतो तवा काठापासून धरतो. गोल गोल फिरत आत येतो, आन शेवटाला मधोमध वीतभर जागा उरती. तेच गोधडीचं पोट. तिथं आलं की हात आपोआप थांबतो. चिंधीत जवारीचे दाणे, चिमूट हळदीकुंकू, त्याची पुरचुंडी करून आत ठेवायची आन मंग शेवटचा टाका घालायचा. उपाशी गोधडी ऊब देत न्हाई म्हणतात. आता ही मशीन एका काठाकडून दुसऱ्या काठाकडं जाती. तिला कुठलं पोट आन कुठली पाठ? पोट मधीच आलं आन आमी त्याच्यावरून सुई दामटून राह्यलो.

"मंग भरा की आता," फरजाना म्हणली. "बाजू उघड्याच हायेत अजून. हात जातो आत. मी सुई त्या पुरचुंडीच्या कडंनं चौकोनात फिरवते."

पण ते माजं काम न्हवतं. लेकीच्या गोधडीचं पोट लेकीच्या आईनं भरायचं असतं. आई नसली तर आईच्या बहिणीनं. मी कोण? मी काकू. मी फरजानाला म्हणलं, उद्या तिच्या मावशीला घेऊन येते. तिनं मशीनचा हात एका टोकाला सारला आन सुतळीनं पक्का बांधून टाकला. मी रिकाम्या हातानं घरी आले. कुशी दारातच उभी व्हती. मी म्हणलं, उद्या होती. ती नुस्ती माज्या तोंडाकडं बघून राह्यली.

अक्काची बहीण गोजरबाई लगनासाठी आलेलीच व्हती. बाई मोठी मजेची. अंगानं भरल्याली, येष्टीत दोन जागा घेती आन तिकीट मात्र एकच. जालन्याला पोचेस्तोवर तिनं दोनदा भजे खाल्ले, कंडक्टरला त्याच्या बायकोचं माहेर इचारलं, आन सुई तुटल्याचं ऐकून पदर तोंडात धरून हसली. "साळू अशीच हट्टी व्हती," म्हणली. "लहानपणी माजी बाहुली शिवायला घेतली, तर तिच्या पोटात दाणे घातल्याबिगर दिली न्हाई."

शेडाच्या दारात महेमूद उभाच व्हता. त्याचा चेहरा बघून गोजरबाईचं हसू थांबलं.

"मावशी," तो म्हणला, "किल्ली रातभर माज्या कमरेला व्हती. अल्लाकसम."

आत गेलो. बांधल्याला मशीनचा हात मधी, बराबर पोटाच्या वर येऊन उभा व्हता. सुतळी तुटली न्हवती. सोडून, घडी घालून, काठावर ठेवल्ती. अक्का त्या पेटीतल्या तुकड्यांची सुतळी सोडून अशीच घडी घालायची, असं मला वाटलं.

गोजरबाईनं पुरचुंडी बांधली. कापडाच्या दोन थरांमधी बाजूनं हात घातला, पार मधोमध नेऊन ठेवली. फरजानानं बिस्मिल्ला म्हणून बटन दाबलं. मशीन दोन हात चालली.

टक्.

गोजरबाईनं खाली बघितलं. पुरचुंडी सांगाड्याच्या खाली, फरशीवर पडल्ती. खालचं धोतर ताणून बांधल्यालं, त्याला कुठं भोक न्हाई, फट न्हाई. आन पुरचुंडी फरशीवर. आमी चौघांनी बघितली. शेडात परत धुरीचा वास भरला, ह्या खेपेला एवढा की फरजानाच्या डोळ्यातून पाणी आलं.

गोजरबाईनं माजा दंड धरला. "चतुरा... उचल ती गोधडी. नेऊन गंगेत सोड."

"आन कुशीला काय सांगू?"

"काय बी सांग. साळूला ही गोधडी लेकीला द्यायचीच न्हाई. तिला लेक पायजे, लेक... बाळंतपणात गेल्याली बाई हाय ती. अशी गोधडी पोरीनं अंगावर घेतली तर... तर ती पोरीला नेईल चतुरा."

तवा मात्र मी भ्याले. माजं काय व्हायचं ते होऊ दे, मला सोताची भीती वाटली न्हाई. पण कुशी. जिला मी गोवरात मांडीवर घेऊन आठ आठ दिवस बसले, जिच्या परीक्षेला मी उपास धरले, ती. आन भीतीच्या मागून असा राग आला, असा राग, की मी त्या मशीनपुढं जाऊन उभी र्‍हायले आन अक्काशी भांडले. ती जिती असताना एक शब्द उलट बोलले न्हवते, ते समदं त्या दिवशी बोलले.

म्हणलं, "अक्का, काय पायजे तुला? तुज्या लेकीला मी तुजं नाव इसरू दिलं न्हाई. मला माय म्हणली तर तिचं तोंड तुज्या फोटोकडं फिरवलं. दर खेपेला काळीज तुटलं माजं, पण फिरवलं. तुज्या गोधडीत माजी एक चिंधी बी घातली न्हाई. तुज्या बहिणीला आणली. आता अजून कोणाचा हात पायजे तुला? सांग."

फरजानानं घाबरून भिंतीतला पिनच काढून टाकला. मशीनवरचा लाल दिवा इझला. पत्रा कडकडायचा थांबला. आन मशीनचा तो लांब हात, बंद मशीनचा, हळूच हालला. चाकं पट्टीवरून कुरकुरली. सरकत सरकत तो इकडं आला... थांबला न्हाई... गोजरबाईच्या पुढून गेला, फरजानाच्या पुढून गेला... आन माज्यापुढं येऊन थांबला. दोन्ही मुठी माज्या पोटाला टेकल्या. ढकललं न्हाई. नुस्त्या टेकल्या.

माज्या डोळ्यातून कवा पाणी आलं ते मला कळलं न्हाई.

महेमूद दारातून म्हणला, "मावशी... ते तुमालाच..."

"कळलं," मी म्हणलं. "मला कळलं."

मी फरशीवरली पुरचुंडी उचलली. ती सोडली आन गोजरबाईची दुसरी चिंधी घेऊन नव्यानं बांधायला लागले, मंग थांबले. माज्या अंगावरल्या साडीचा पदर दातानं फाडला आन त्याच्यात दाणे बांधले. बाजूनं हात घातला. कोपरापर्यंत गेला, दंडापर्यंत गेला. आत दोन्ही बाजूला अक्काची लुगडी. मधोमध पोचले आन पुरचुंडी ठेवणार, तर ती माज्या हातातून घेतली गेली.

हो. घेतली गेली. बोटं लागली मला. चार बोटं आन अंगठा. मी हात ओढला न्हाई. तू म्हणशील मेल्याचा हात गार असतो. गार न्हवता तो. तापलेला व्हता, तव्यावानी. शेवटच्या रातीला मी धरून बसल्ते तसाच. त्यानं पुरचुंडी घेतली, आन मंग माजी बोटं धरली. किती येळ ते ठावं न्हाई. सुटली तवा मीच अक्काला इचारलं, काढू का हात?

मंग फरजाना म्हणली, "बाई, मुठी तुमीच धरा. मी नक्को." पिन लावला. मी काय, आयुष्यात तसली मशीन चालवली न्हवती. पण मुठी धरल्या आन चालली की ग. लोण्यातून गेल्यावानी चालली. पोटाच्या कडंनं चौकोन झाला, ओळीमागून ओळ झाली. एका जागी मी जोरात ढकललं आन टाका वाकडा गेला.

च्यक्.

आन मला हसू फुटलं. अशी हसले, अशी हसले की फरजाना हसाय लागली, मंग महेमूद. गोजरबाई आधी रडली, मंग तीबी हसली, मंग भजे आणाय पाठवलं तिनं. मी तो टाका उसवला आन सरळ घातला. सांजच्या गाडीत गोधडी माज्या मांडीवर व्हती.

लगीन झोकात झालं. रुखवतात मिक्सर व्हता, कपाट व्हतं, पण बाया गर्दी करून बघत व्हत्या ती गोधडी. हळदीच्या आदल्या सांजेला मी कुशीला समदं सांगितलं. ती ऐकत बसली, मंग गालात हसून म्हणली, "मंग आता काकू म्हणू का माय?"

"काकूच म्हण," मी म्हणलं. "तोंडाला सवय झालीय. पाव्हण्यात घोटाळा व्हायचा."

पण ती रातभर माज्या कुशीत झोपली, आन मी रातभर जागी राहून सुखानं रडले. त्यापरीस मोठं मला काही नको व्हतं, आजबी नको.

आता ह्याच्या पुढचं मी कुणाला सांगितल्यालं न्हाई. कुशीलाबी न्हाई. तिला सांगू नको.

लगनानंतर ती दिवाळीला आली तवा गोधडी संगं आणली. मी धुवायला घेतली. पोटावरून हात फिरवला, चौकोनात पुरचुंडी हाताला लागली. माजी. आन तिच्या शेजारी, चौकोनाच्या भाईर, अजून एक. तेवढीच. तशीच. मी एकच घातल्ती नंदा. गोजरबाईचे दाणे मीच सोडून घेतल्ते. मी गोधडी उन्हात धरून टाका न टाका बघितला, एक उसवला न्हवता. फरजानाला दाखवली, तिनंबी बघितलं आन माजा हात दाबला. मी मनात म्हणलं, बराबर हाय. दोन आया, दोन घास. मला बरंच वाटलं.

पण पंचमीला कुशी परत आली, तवा माजी पुरचुंडी जाग्यावर व्हती आन दुसरी दोन भिंगऱ्या वर गेल्ती. उशाकडं. मधी शिवणीच्या ओळी हायेत, मशीनच्या, घट्ट. दाणा सुद्धा सरकणार न्हाई त्यातून. पुढच्या खेपेला अजून वर. आता बाळंतपणाला आली तवा काठापासून हातभर राह्यल्ती.

आज दुपारी लेकराचं दुपटं बदलाय गेले. कुशी निजल्याली, गळ्यापर्यंत गोधडी घेतल्याली. मी वरून हात फिरवला. पुरचुंडी पार काठाला आलीय, तिच्या गालाशी. आन कापडावरून हाताला चटका बसला, एवढी तापल्याली. मी घाबरून कुशीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार. अंग गार. गोड झोपल्याली पोरगी. सव्वा महिना सरायला अजून येळ हाय, आन ताप पोरीला न्हाई, गोधडीला हाय.

अक्का तो ताप घेऊन आलीय, का पोरीवर यायचा व्हता तो सोतावर घेऊन राह्यलीय, ते मला दुपारधरनं कळंना. पयलं असंल तर गोधडी आत्ताच्या आत्ता काढली पायजे. दुसरं असंल तर काढली की घात. म्हणून तर तुला बसवून घेतलं.

लाईट काय लवकर येत न्हाई. तो कंदील उचल, आन पाय न वाजवता माज्या मागं ये. आधी तू हात लावून बघ.